बांड्याच्या नावानं तीन तिकिटं

लासुर्ण्याच्या स्टँडवर माझा एसटीडी बूथ होता, तेव्हाची ही गोष्ट. आता पोरं हातातल्या मोबाईलवर खुर्ची निवडून पिक्चरचं तिकीट काढतात आणि वर मलाच शिकवतात, "हैदरचाचा, हितं दाबायचं असतंय." दाबा बाबांनो. पण रांगेत उभं न राहता तिकीट मिळवायची सोय आमच्या गावात पहिल्यांदा कुणी आणली, हे या दाबणाऱ्यांना कुणी सांगत नाही. ती मी आणली. नव्वदच्या दशकात, एका पिवळ्या फोनवर.

माझा मेव्हणा अफजल बारामतीत चंद्रविलास टॉकीजच्या तिकीटखिडकीवर बसायचा. त्याच्याशी मी ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाइकानं माझ्याकडं यायचं, मी फोन लावायचा, गिऱ्हाइकानं आपलं नाव सांगायचं. अफजल तिकिटं पाकिटात घालून वर ते नाव लिहून ठेवणार. खेळाच्या दिवशी खिडकीवर नाव सांगितलं की पाकीट हातात. बेल होईपर्यंत कुणी आलं नाही, तर तिकिटं बाहेर उभ्या असलेल्या पब्लिकला. बस, एवढंच. पण लोकांना त्याचं वेड लागलं. पिक्चर कसाही असो, घामाघूम झालेल्या रांगेच्या देखत खिडकीशी जाऊन "आमचं पाकीट असंल बघा" म्हणायचं, यात जे सुख होतं ते पिक्चरमध्ये नव्हतं. भवानीनगरच्या कारखान्यातले एक आप्पा तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम सायकल मारत यायचे आणि सांगायचे की नाव अगदी बरोबर लिहिलं होतं.

अशात एका दुपारी साखरमावशी आली. साखरबाई म्हणजे तात्याबांची बायको. तात्याबा आमच्या गावातले शेवटचे मेंढरंवाले. बाकीच्यांनी कधीच मेंढरं मोडून ऊस लावला होता, तात्याबांनी मात्र हट्टानं कळप राखला होता आणि दोन वर्षांपूर्वी तोही विकला. मावशी बूथवर आली ती मुद्द्यावर येईचना. फोनकडं बघितलं, काचेच्या केबिनकडं बघितलं, माझ्या बायकोची चौकशी केली, ऊन फार आहे म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती, त्यामुळं ते तिला जमतही नव्हतं.

"मावशी, कुणाला फोन लावायचाय का?" मी विचारलं.

"फोन न्हाय. ती तिकिटं का काय तू सांगून ठिवतूस, ती पायजेत." मग पदर नीट करत म्हणाली, "आमच्या दोघांची."

ही दोघं जोडीनं पिक्चरला जाणार म्हणजे आक्रीत होतं. दोघं एका घरात राहायची, एका तव्यावरची भाकरी खायची, पण कळप विकल्यापासून तात्याबा बायकोशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं बोलायचं नाही. पाणी हवं असेल तर छकुली नावाच्या नातीला सांगायचे, "आज्जीला म्हणावं पानी दे." छकुली शाळेत गेली असेल तर सुनेला. सून मनिषा रानात गेली असेल तर तहानलेले बसायचे. अख्ख्या गावाला हे माहीत होतं आणि कारणही माहीत होतं. कळप विका असं साखरमावशीच म्हणाली होती.

तिचंही काही चुकलं नव्हतं. चरायला माळ राहिला नव्हता, जिथं तिथं कॅनॉलचं पाणी आणि ऊस. उसात एखादं कोकरू शिरलं तरी मालक कुऱ्हाड घेऊन धावायचा. पोरगा यशराज कारखान्यात लागला होता, त्याला मेंढरांमागं जायचं नव्हतं. तात्याबांचे गुडघे गेलेले. आयुष्यभर उघड्यावर चुली मांडून आणि भिजल्या घोंगड्यात लेकरं निजवून मावशी थकली होती. एक दिवस म्हणाली, इका. तात्याबांनी विकली. आणि गप्प झाले.

"कुठला पिक्चर?" मी विचारलं.

तिनं सांगितलं, तेव्हा मला उलगडा झाला. चार वर्षांमागं कडबनवाडीच्या माळावर मुंबईची शूटिंगवाली माणसं आली होती. त्यांना गाण्यात मागं चालायला मेंढरं हवी होती, ती तात्याबांची घेतली. नंतर तो पिक्चर कुठं अडकला देव जाणे, आता कुठं बारामतीला लागला होता. मनिषाचं माहेर बारामतीचं. ती माहेरी गेली होती तेव्हा भावजयीबरोबर बघून आली आणि घरी येऊन जेवताना म्हणाली, "तात्या, आपली मेंढरं हायती त्यात. बांड्या तर पार पुढं हाय."

बांड्या म्हणजे कळपाचा पुढारी. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एडका, गळ्यात घंटा. तो निघाला की कळप निघायचा, तो बसला की कळप बसायचा. तात्याबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असा दोन वर्षं कायदाच होता, आणि या बापडीनं ते भर ताटावर घेतलं. तात्याबा अर्ध्या भाकरीवरून उठले आणि ओट्यावर जाऊन बसले.

"उठून गेलं, पर मला दिसलं ना," मावशी म्हणाली. "मेंढरांच्या रिकाम्या जागंकडं बघत बसलं हुतं. हैदर, त्यांनी एकदा ती बघावीत. बघून माझ्या अंगावर वरडू देत, मला शिव्या देऊ देत. चालंल मला. पर बोलू देत. दोन वरसं झाली रं, मला कुणी माझ्या तोंडावर बोललं न्हाय."

मी फोन लावला. अफजल उचलेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक दारात आलं, म्हणून मी म्हणालो, "मावशी, आत केबिनमधी बसा आन तुमीच बोला. त्यो इचारंल त्येवढं सांगा. आन तीन सांगा, मी बी येतो." मी येणं भागच होतं. ही दोघं जाणार, तर मधे निरोप द्यायला कुणीतरी नको का? मावशी आत गेली, सगळ्यांसारखं तिनंही काचेचं दार ओढून घेतलं. बाहेरून मला नुसते ओठ दिसत होते. मधेच ती थांबली, माझ्याकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं, आणि मग काहीतरी बोलली. बाहेर आली तेव्हा परीक्षा दिल्यासारखा चेहरा झाला होता. गुरुवारच्या दुपारच्या खेळाची तिकिटं मिळाली होती. शुक्रवारी पिक्चर बदलणार होता, म्हणजे गुरुवार चुकला की सगळंच चुकलं.

आता तात्याबांना न्यायचं कसं? मी ओट्यावर जाऊन बसलो आणि उगाच फिरवाफिरव न करता सांगितलं. ते म्हणाले, "इकल्याली मेंढरं काय बघायची."

"तुमच्यासाठी नगा येऊ," मी म्हणालो. "पर मी मेव्हण्याला शबूद देऊन बसलोय. शेवटचा दिस हाय, लोकांना न्हाय म्हणून त्यो माझी तिकिटं राखून ठिवणार. आमी न्हाय गेलो तर सासरवाडीत माझी काय किंमत ऱ्हाईल?"

तात्याबांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना माझी लबाडी कळली होती, याबद्दल मला शंका नाही. पण दुसऱ्याचा शब्द मोडेल असं काही त्या माणसानं आयुष्यात केलं नव्हतं. "तुझा शबूद असंल तर येतो," म्हणाले.

गुरुवारी एसटीत तिघांचं बाकडं मिळालं. खिडकीशी मावशी, कडेला तात्याबा, मधे मी. भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला आणि आम्ही तिथंच उन्हात शिजत बसलो. "तिला म्हणावं डोक्यावर पदर घे, ऊन लागतंय," तात्याबा म्हणाले. मी मान वळवून म्हणालो, "मावशी, पदर घ्या." मावशी म्हणाली, "त्यांना सांग, घेतलाय." मी परत मान वळवली. बारामती येईपर्यंत माझी मान आखडली. कंडक्टर बघून बघून हसत होता. मला मात्र हसू येईना, कारण मावशीनं त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

चंद्रविलासपाशी पोचलो तर ही गर्दी. शेवटचा दिवस, त्यात बाजाराचा दिवस. मी ऐटीत रांगेला वळसा घालून खिडकीशी गेलो आणि आत बघतो तर अफजल नाही. कुणीतरी चष्मेवाला बदली माणूस बसलेला. अफजल लग्नाला गेला होता म्हणे.

"नाव?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"तात्याबा. लासुर्णे."

त्यानं पाकिटं चाळली. "नाही."

"साखरबाई बघा."

"नाही."

"हैदर? यशराज?"

"अहो, एक काहीतरी सांगा. गावातली सगळी नावं घेणार आहात काय?" मागून रांग हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या रांगेसमोर गिऱ्हाइकांनी मिरवावं म्हणून मी एवढा खटाटोप केला, तिच्यासमोर माझीच फजिती चालली होती. "नावाशिवाय पाकीट देता येत नाही," तो म्हणाला. "बेल झाली की उरलेली सगळी सोडून देणार. बाजूला व्हा."

मी बाजूला झालो आणि मावशीला गाठलं. "मावशी, फोनवर नाव काय सांगितलंत?"

मावशी गडबडली. "त्यो इचारत हुता, कुणाच्या नावानं ठिवायची."

"मग तात्यांचं नाव नाय का दिलं?"

"त्यांचं नाव मी कसं घिऊ?" ती इतक्या सहजपणे म्हणाली की माझीच मला लाज वाटली. खरंच की. मावशीनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या तेव्हासुद्धा उखाण्यात नाव न घेता पळून यायची, ती फोनवर परक्या माणसाला सांगणार होती काय? तिला केबिनमध्ये घालताना ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"मग तुमचं द्यायचं."

"माझ्या नावानं कशाला? मी इचार केला, कुणाच्या नावानं म्हंजी, आपुन कुणाला बघायला जातोय त्येच्या नावानं. दुसऱ्या कुनाच्या?"

"मंजी कुणाच्या?" मी विचारलं. माझं डोकंच चालेना.

मावशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तात्याबा हाताच्या अंतरावर उभे होते. तिची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच अडकली. जे नाव निघालं म्हणून माणूस जेवणावरून उठला, ते त्याच्या तोंडावर परत घ्यायचं तिला धाडस होईना. वर पत्र्याखाली बेल वाजली. रांग खिडकीकडं सरकली, चष्मेवाल्यानं उरलेली पाकिटं पुढं ओढली. मावशीचे डोळे भरून आले. एवढ्या लांब येऊन सगळं तिच्याच हातानं वाया गेलं, असं तिला वाटत असणार.

मला कळायच्या आत तात्याबा पुढं गेले. काठीनं दोघातिघांना बाजूला केलं, खिडकीच्या भोकाशी वाकले. दोन वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा स्पष्ट ऐकला नव्हता.

"बांड्या," ते म्हणाले. "बांड्याच्या नावानं असत्याल बघा. तीन."

"हां, हे काय," चष्मेवाला म्हणाला आणि त्यानं पाकीट सरकवलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या भागात बांड्या नावाची माणसंही असतात.

आत अंधार झाला होता. बसलो ते तसेच, मी मधे. पिक्चर काय होता ते मला आज सांगता येणार नाही. कुणीतरी श्रीमंत, कुणीतरी गरीब, मारामारी. तात्याबा काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. मावशी पडद्याकडं कमी आणि माझ्या पलीकडं जास्त बघत होती. मध्यंतर झालं, कुणी उठलं नाही. मी शेंगदाणे आणले, ते पुडीतच राहिले.

मग ते गाणं आलं. सगळं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं, कारण हिरॉइन पिवळी साडी नेसून माळावरून पळत येत होती. आम्ही तिघं तिच्या मागं बघत होतो. टेकाडावरून मेंढरं उतरली. सगळी होती. लंगडी होती, कान कापलेली होती, जुळी कोकरं आईच्या पोटाखाली शिरत होती. कडबनवाडीचं ते पिवळं गवत, आणि पुढं बांड्या, घंटा हलवत, एखाद्या पाटलाच्या तोऱ्यात. मावशीच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

हिरॉइन एका बाजूनं निघून गेली आणि बांड्या मधेच थांबला. मान वर करून त्यानं सरळ समोर बघितलं. आमच्याकडं. पडदाभर त्याचं तोंड. कान पुढं केलेले, काहीतरी ऐकल्यासारखे.

"माझ्याकडं बघतोय त्यो," तात्याबा म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. "मी कॅमेऱ्यापाशी हुतो. मी हाक मारली."

आणि ते उठले. अंधारात खुर्च्यांना धडकत, लोकांच्या पायांवर पाय देत दाराकडं गेले. मावशी माझ्या गुडघ्यांवरून त्यांच्या मागं धावली, तिच्या मागं मी. व्हरांड्यात उजेड डोळ्यात घुसला. सोडावाल्याच्या बंद गाड्याशेजारी तात्याबा भिंतीला टेकून उभे होते आणि रडत होते. म्हातारा माणूस रडतो ते बघवत नाही. मी थोडा अलीकडंच थांबलो.

मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माजं चुकलं," ती म्हणाली. "मीच इका म्हनले. माज्यावर राग काडा, पर असं करू नगा."

तात्याबांनी मान हलवली. माझ्याकडं बघून निरोप सांगितला नाही. तिच्याकडंच बघितलं.

"तुज्यावर कशाचा राग?" ते म्हणाले. "तू इका म्हनलीस, ते काय चुकीचं न्हवतं. पर टेम्पो आला तवा तू घरात हुतीस. तू बघितलं न्हाईस." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "फळी लावली, तर एक जनावर चढंना. बांड्या मागं सरत हुता. त्येला कसायाचा वास आला हुता. व्यापारी म्हनला, म्हाताऱ्या, तू बोलीव. मी टेम्पोत चढलो आन हाक मारली. माज्या हाकंवर आला गं त्यो. कान टवकारून, आत्ता बघितलास तसाच. आन त्येच्या मागनं समदी चढली. मी खाली उतरलो आन त्येंनी दार लावलं."

मावशी आणखी एक पाऊल पुढं सरकली.

"तवापसनं कुणाला हाक मारायला जीब उचलत न्हाय," तात्याबा म्हणाले. "तुजं नाव तोंडात येतंय आन मला भ्या वाटतंय."

मी तिथं उभा होतो आणि मला स्वतःच्या मूर्खपणाचा राग आला. गेली दोन वर्षं सगळा गाव समजून चालला होता की म्हातारा बायकोवर रुसलाय. पारावर आम्ही चेष्टा केली होती. नातीमार्फत पाणी मागतो म्हणून मीही हसलो होतो. माणूस रुसला नव्हता. माणूस भ्यायला होता.

साखरमावशीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग नवऱ्याकडं बघत, बाजारात भाजीवालीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "मंग मला मारून बगा की हाक. मी काय टेम्पोत चडनार न्हाय."

तात्याबांच्या तोंडावर हसू आलं का रडू, ते मला सांगता येणार नाही. ती त्यांच्यापासून हातभरसुद्धा लांब नव्हती. आत शिट्ट्या चालल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, परत मिटले. मावशी वाट बघत उभी राहिली.

"साखरे," त्यांनी हाक मारली.

"ओ," मावशी म्हणाली.

मी तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या उद्याच्या पिक्चरच्या पोस्टरकडं बघत राहिलो. मागं त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी थोड्या मोठ्यानं, आणि तिनं पुन्हा ओ दिली.